ऑफसाइडचा लोच्या

शनिवार, ३० सप्टेंबर २०२३. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. जळगावात रिंगरोडवरच्या मित्राच्या फ्लॅटवर आम्ही चौघं, टीव्हीसमोर पसरलेले. टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. ३४व्या मिनिटाला लुइस डियाझने गोल ठोकला आणि लाइन्समनचा झेंडा वर. ऑफसाइड! ‘टेन्शन नॉट,’ आमच्यातला लिव्हरपूलवाला म्हणाला, ‘व्हीएआर आहे ना!’

व्हीएआर म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफरी. मैदानापासून लांब एका खोलीत बसून स्क्रीनवर चुका शोधणारा माणूस. त्या दिवशी तिथे डॅरेन इंग्लंड होते. त्यांनी रेषा लावून पाहिली. डियाझ ऑनसाइड. गोल बरोबर. फक्त एक गोची झाली. मैदानावर आधीच गोल दिलाय असं ते समजून बसले होते! मग काय, ‘चेक कम्प्लीट’ म्हणून मोकळे. मैदानावर रेफरी सायमन हूपर यांना वाटलं, ऑफसाइड कायम. फ्री किक घेतली गेली. काही सेकंदांत खोलीतल्या रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं, पण खेळ पुन्हा सुरू झाला की असा निर्णय मागे घेता येत नाही. लिव्हरपूलची दोन माणसं रेड कार्डवर बाहेर गेली आणि इंज्युरी टाइममधल्या सेल्फ गोलने ते २-१ हरले. नंतर खोलीतल्या संभाषणाचं रेकॉर्डिंगच जाहीर झालं.

म्हणजे बघा, कॅमेरा बरोबर, रेषा बरोबर. चुकलं ते बोलणं. लग्नघरात होतं ना तसं... ‘मला वाटलं आचाऱ्याला तू सांगितलंस!’

बाकीचे तिघं शिव्या घालत होते. मी गप्प. कारण असा एक झेंडा मीही वर केलाय, बॉस. आणि माझ्यामागे कुठलीच खोली नव्हती.

२०१६. कॉलेजचं दुसरं वर्ष. जळगावातली एक लोकल टूर्नामेंट. एक लाइन्समन आलाच नाही, म्हणून आयोजकांनी झेंडा माझ्या हातात कोंबला. समोर धुळ्याची टीम आणि तिचा फॉरवर्ड माझा आतेभाऊ! (हो, चालायला नको होतं. पण चालून गेलं.) शून्य-शून्य, शेवटची पाच मिनिटं. मधून पास निघाला, दादा माझ्याच बाजूने सुटला, गोल! आणि माझा हात वर. भावाला फेव्हर केलं असं कुणी म्हणायला नको, हेही डोक्यात होतंच. धुळे पेनल्टीवर हरलं. त्यानंतर दादा आणि मी क्रिकेट, नोकऱ्या, त्याचं लग्न, सगळ्यावर बोललो. त्या गोलवर कधीच नाही.

ऑफसाइडचा फंडा ऐकायला सोपा आहे. पास निघतो त्या क्षणी पुढचा खेळाडू बॉलच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे नको. बरोबरीत असेल तर चालतं. पण लाइन्समनने पास देणाऱ्याचा पाय आणि तीस मीटर लांबची ती रेषा एकाच क्षणी बघायची कशी? शिवाय तो स्वतः नेमका रेषेत हवा. ‘नेचर’मध्ये २००० साली डच संशोधकांनी हेच मांडलं होतं. लाइन्समन चुकीच्या जागी उभा असला की कोनच त्याला फसवतो. तुम्ही तीन-चार पावलं मागे राहिलात, तर तुमच्या बाजूचा खेळाडू आहे त्यापेक्षा पुढे दिसतो. मी त्या दिवशी तीन-चार पावलं मागे होतो. आणि दादा माझ्या बाजूला.

मग कॅमेऱ्याने मिटतं का सगळं? साधा हिशोब करा. सेकंदाला ५० फ्रेम, खेळाडूचा वेग सेकंदाला ८ मीटर. म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये तो १६ सेंटिमीटर सरकलेला असतो. बॉल पायाला लागला ती फ्रेम कुठली, हे माणूसच ठरवणार आणि तिच्यावर अंगठ्याएवढी रेष मारणार! म्हणून कतारच्या २०२२ वर्ल्डकपला सेमी-ऑटोमेटेड सिस्टिम आली. १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ पॉइंट, सेकंदाला ५०० वेळा सिग्नल देणारा बॉल. प्रीमियर लीगने एप्रिल २०२५ मध्ये तशीच सिस्टिम घेतली. रेषेचा प्रश्न त्याने बराच सुटेल. आचाऱ्याचा नाही.

आपल्याकडे तर आधी व्हीएआर यायलाच हवं. आयएसएल २०१४ साली सुरू झाली, २०२४-२५चा सीझन संपला तरी ते नव्हतं. खर्च, दुसरं काय! नाही म्हणायला ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींच्या अंडर-१७ वर्ल्डकपसाठी ते नवी मुंबईत येऊन गेलं. पाहुण्यांबरोबर आलं, पाहुण्यांबरोबर गेलं.

आणि नसलं की काय होतं, ते ११ जून २०२४ला दोह्यात दिसलं. वर्ल्डकप क्वालिफायर, भारत विरुद्ध कतार. मुंबई सिटीच्या छांगतेने ३७व्या मिनिटाला गोल केलेला. जिंकलो असतो तर पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत! ७३व्या मिनिटाला बॉल गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसेफ आयमनने जाळ्यात घातला. आपली पोरं थांबलेली, हात वर. रेफरीने गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. ८५व्या मिनिटाला दुसरा गोल बसला, मॅच संपली आणि वर्ल्डकपही. तिथे सेंटिमीटरचा प्रश्नच नव्हता. घरबसल्या आपल्याला दिसत होतं!

या लेखाच्या निमित्ताने एरंडोल-पारोळामार्गे एसटीने धुळ्याला गेलो. दादा आता रविवारी सकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. मैदानाच्या कडेला चहा घेताना एकदाचं बोलून टाकलं.

‘दादा, तो गोल... मी लाइनमध्ये नव्हतो. मागे राहिलो होतो.’

‘माहितीये,’ तो बुटाची लेस बांधत म्हणाला. ‘ढोल होता तू तेव्हा. पळता कुठे येत होतं तुला?’

‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?’

‘काय बोलू भो? मी पण अर्धा फूट पुढेच होतो, असं मलाच वाटी राहिलं होतं.’

खरं सांगत होता की माझं मन राखत होता, कोण जाणे.

पोरांची मॅच सुरू होत होती. त्याने झेंडा माझ्या हातात दिला. पहिल्या हाफमध्ये मी तो दोनदा वर केला. दुसऱ्यांदा एका पोराचे वडील मोबाइल नाचवत थेट मैदानात घुसले. त्यांनी सगळं शूट केलं होतं म्हणे! मॅच थांबवून आम्ही तिघं उन्हात हाताची सावली करत ती क्लिप बघायला लागलो. पास निघाला त्या क्षणी त्यांनी नेमकं पोराच्या चेहऱ्यावर झूम केलं होतं.