बिनतारीचा छंद आणि घरांतील सावधगिरी

आमच्या कोडोलीस वैशाखांत वळीव कडाडत येतो, तेव्हां घरांत पहिली हांक उठते ती, "तार काढली का?" नातवास हौशी रेडिओचा छंद आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना व संकेतनाम मिळविल्यावांचून प्रक्षेपण करूं नये, हें त्यानें पाळलें आहे. छंदही कुचकामाचा नव्हे. २००१ सालीं भूजच्या भूकंपांत टेलिफोन मुके झाले असतां अशाच हौशी मंडळींनीं निरोप पोंचविले. २०१९ च्या महापुरांत पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी सोडून ५५ फुटांपलीकडे गेलेली ज्यांनीं पाहिली, त्यांस याचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु परवाना विजेस दाखवितां येत नाहीं! आभाळ भरून येतांच तार यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी व यंत्राचा प्लगही काढावा. लखलखाटानंतर तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे असें समजावें. मग मात्र यंत्र जळालें तरी चालेल, तारेस हात लावूं नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊं द्यावा.

दुसरी गोष्ट घरचीच. सात मेगाहर्ट्झसाठीं सुमारें वीस मीटर तार लागते. ती नातवानें गच्चीवरून आंब्यास बांधली. आमच्या सूनबाईंस ती वाळवणासाठीं सोयीची वाटली! ओलें लुगडें टाकावयास हात लावला आणि खालीं त्यानें प्रक्षेपणाची कळ दाबली. बोटास चटका बसला. वरून तिळाएवढा, पण आंत खोल. अशा तारेच्या टोंकांशीं विद्युद्दाब सर्वांत अधिक असतो. दोष सूनबाईंचा नव्हे, तार हाताशीं बांधणाराचा. आतां दोन्ही टोंकें दोन पुरुष उंचीवर आहेत.

खांब उभारतांना त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरांत वीजवाहिनी नसावी. दगडास सुतळी बांधून तार झाडावर फेंकण्याची मुलांची युक्ति तर वीजवाहिनीजवळ प्राणघातक होय. तसेंच, बंद केलेलें यंत्र निर्वीज असतेंच असें नाहीं. मोठ्या वर्धकांतील कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा भार धरून राहूं शकतात. त्यांचा भार रीतसर उतरविल्याशिवाय आंत हात घालूं नये, आणि घरांत दुसरें कोणी जागें नसतां तर झांकण उघडूंच नये.

आमच्या कुटुंबानें गच्चीच्या जिन्याशीं तांबडा दिवा लावून घेतला आहे. तो पेटलेला असेतों वाळवणें खालींच राहतात.