हुकूम पाळणारा माणूस वेगळ्या मातीचा असतो का?

जुलमी हुकूम निमूट पाळणारी माणसे मुळातच तशा घडणीची असतात, असे आपण सहज धरून चालतो. या समजुतीला मानसशास्त्रात एक भारदस्त नाव आहे: अधिकारशाही व्यक्तिमत्त्व. थिओडोर अडोर्नो, एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक आणि दोन अमेरिकी सहकाऱ्यांनी 1950 मध्ये ही कल्पना मांडली. पहिले दोघे नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागून अमेरिकेत आलेले होते. त्यांचा प्रश्न खरा होता. उत्तराचा मात्र पुढे विपर्यास झाला.

गैरसमज: हे वर्णन हुकूमशहाचे आहे.

नाही, ते अनुयायाचे आहे. वरच्यापुढे वाकायचे, खालच्यावर डाफरायचे आणि रूढी मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी असे मनापासून वाटायचे, अशी ही ठेवण.

गैरसमज: हुकूम पाळणारे अशाच ठेवणीचे असतात, हे मिलग्रॅमच्या प्रयोगाने सिद्ध झाले.

स्टॅन्ले मिलग्रॅमने 1961 मध्ये येल विद्यापीठात प्रयोग सुरू केले. समोरच्या माणसाला विजेचे झटके द्यायचा हुकूम होता. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. त्याच्या गाजलेल्या प्रयोगात 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. नंतर त्याने आणि अ‍ॅलन एल्म्सने हुकूम पाळणारे 20 आणि नाकारणारे 20 निवडून त्यांना ही ठेवण मोजणारी अडोर्नो आणि सहकाऱ्यांची प्रश्नावली दिली. पाळणाऱ्यांचे गुण जास्त आले. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कमी शिकलेल्यांचे गुण या प्रश्नावलीत एरवीही जास्त येत आणि प्रयोगातही जास्त शिकलेले लोक तुलनेने अधिक नकार देत. शिवाय प्रश्नावलीतली सगळी विधाने एकाच दिशेची, म्हणजे ज्याला कशालाही ‘हो’ म्हणायची सवय तो आपोआप अधिकारशाही ठरणार. बॉब आल्टमायरने 1981 मध्ये उलटसुलट विधानांची सुधारित मापनी आणली, ती आजही वापरात आहे.

खरी धक्कादायक आकडेवारी मिलग्रॅमच्याच इतर प्रयोगांत आहे. माणसे तशीच सर्वसामान्य, फक्त हुकूम फोनवरून दिला, तर शेवटपर्यंत जाणारे सुमारे 20 टक्क्यांवर आले. शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ते 10 टक्के उरले.

गैरसमज: जिथे भेदभाव जास्त, तिथे अशी माणसे जास्त.

थॉमस पेटिग्र्यूने 1958 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्णद्वेष भरपूर होता, पण अधिकारशाही गुण त्या प्रमाणात चढे नव्हते. लोक भोवतालची रीत पाळत होते.

नाशिककरांना हे समजायला आफ्रिकेत जायला नको. अस्पृश्य ठरवलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काळाराम मंदिराच्या बाहेर राहिली. त्या सगळ्यांच्या स्वभावात ताबेदारी होती, असे कोण म्हणेल? मागे बहिष्काराचे आणि माराचे भय होते, पोटाची कोंडी होती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे 15,000 लोकांची मिरवणूक प्रवेश मागत मंदिराशी आली, तेव्हा त्यांचे स्वभाव रातोरात बदललेले नव्हते. दादासाहेब गायकवाडांसारखे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे कार्यकर्ते पुढे होते, सत्याग्रह समिती होती, आणि दुसऱ्या दिवशी चारही दरवाज्यांवर बसायला 125 पुरुष आणि 25 स्त्रियांची पहिली तुकडी तयार होती. नकार देणारा एकटा नव्हता. मिलग्रॅमच्या त्या 10 टक्क्यांचा अर्थ मला इथे सर्वांत नीट कळतो.

दरवाजे बंद ठेवणाऱ्यांनाही हीच कसोटी लावावी लागेल. त्यांच्यात कडवे होतेच. पण सगळे नाशिक कडवे होते म्हणून दरवाजे बंद राहिले, हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. ते मानले की रूढी, पंचांचा धाक आणि जमावबंदीचे सरकारी हुकूम यांची चौकशीच करावी लागत नाही.

गैरसमज: कडक आईबापांची मुले आज्ञाधारक होतात.

अडोर्नोच्या सिद्धांताचे मूळ हेच होते: कठोर संगोपन, दाबलेला राग, तो पुढे दुबळ्यांवर निघणे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने झोडून विहिरीकडे धाडणारी ती आई मवाळ नव्हती. तिचा मुलगा, म्हणजे स्वतः साने गुरुजी, सरकारचा हुकूम मोडून कैदी झाला आणि मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला. तिच्या कडकपणात माया होती, हा फरक मोठा आहे. एका आयुष्यावरून सिद्धांत पडत नाही, हेही खरे. पण अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी मुलाखती घेतल्या त्या मोठ्या माणसांच्या. त्यांचे बालपण कोणी पाहिले नव्हते. त्यांनी आठवून सांगितले तेवढेच हाती होते.