स्टार पुढच्या सीटचे, आजी मागच्या सीटवर

२२ सप्टेंबर २०२५ला गाड्यांवरचा जीएसटी उतरला तेव्हा नागपुरातल्या शोरूममध्ये हार, पेढे आणि फोटोंची धामधूम उडाली. कुठल्या गाडीवर किती टक्के होते आणि किती झाले, हे एव्हाना पानठेल्यावरच्या पोट्ट्यांनाही पाठ झालंय. ते पुन्हा उगाळत नाही. या गर्दीत एक गिऱ्हाईक मात्र पडेल चेहऱ्यानं येतं. त्याला गाडी घ्यायची हौस नसते, घ्यावी लागते. जुनी गाडी उमरेड रोडवर नाहीतर समृद्धी महामार्गावर कुठेतरी ठोकली गेली, माणसं वाचली, सर्व्हेयरनं ‘टोटल लॉस’ लिहिलं आणि घरात आता जायला-यायला काही नाही. सेल्समन त्यालाही उत्साहानं सनरूफच दाखवतो.

हा लेख त्या गिऱ्हाइकासाठी आहे, आणि तो सक्करदऱ्यात राहतो असं धरून चालू. घरात तीन पिढ्या, गल्ली भांडे प्लॉटकडे असते तशी चिंचोळी, बुधवारी बाजाराची गर्दी, डोक्यावर इंदोरा-दिघोरी उड्डाणपूल. त्याच पुलाचा एक भाग अशोक चौकात एका घराच्या गॅलरीत घुसल्याचे फोटो देशभर फिरले होते. अशा वस्तीत चार मीटरपेक्षा लांब गाडी घेणं म्हणजे रोज संध्याकाळी शेजाऱ्याशी भांडण विकत घेणं. कर कमी झालेला छोट्या गाड्यांचा वर्गही नेमका तोच, चार मीटरच्या आतला. म्हणजे अर्धी निवड सरकारनं आणि गल्लीनं आधीच करून टाकली आहे.

आधी विम्याच्या चेकचं बघू. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी मोडीत धरते आणि आयडीव्हीएवढी रक्कम देते. ही आयडीव्ही म्हणजे तुम्ही मोजलेली ऑन-रोड किंमत नव्हे. शोरूमच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा कापतात: दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. आठ लाखांची गाडी तिसऱ्या वर्षात पाच लाख साठ हजारांची होते. हप्ते चालू असतील तर त्या चेकवर पहिला हात बँकेचा. चार लाख कर्ज बाकी असेल तर तुमच्या हाती दीड लाखाच्या आसपास उरतात, आणि नव्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्राचा ११ टक्के रोड टॅक्स पुन्हा पहिल्यापासून भरायचा असतो. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ नावाची जोड पॉलिसीत घेतली असेल तर ही दरी बरीच बुजते. पण ती घेतलेली माणसं अपघातानंतरच कळतात, कारण तीच तेवढी शांत असतात.

२०२५ साली एक गंमत मात्र झाली. आयडीव्ही पॉलिसी सुरू होताना ठरते. ज्यांची पॉलिसी त्या सप्टेंबरच्या आधीची, त्यांचा चेक जुन्या महाग किमतीवर बेतलेला आणि नवी गाडी स्वस्त झालेली. अपघातात कुणाचं भलं होत नाही, पण त्या दिवाळीत ज्यांना गाडी बदलावी लागली त्यांचं निदान गणित थोडं कमी वाईट होतं.

एक काम मात्र चेकच्या आनंदात विसरू नका. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. भंगार घेणारा एजंट “आरसी राहू द्या, मी बघतो” म्हणतो. तो काय बघणार असतो? तुमच्या मेलेल्या गाडीचा चेसिस नंबर आणि कागद चोरीच्या गाडीला चिकटवता येतात. उद्या ती गाडी कुठल्या गुन्ह्यात सापडली तर पोलिसांच्या हाती पहिलं नाव तुमचं लागेल. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत विषय संपला असं समजू नये.

आता मुद्द्याचं. अपघातातून उठलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पत्र्याचा. “मजबूत पाहिजे भाऊ, पत्रा जाड पाहिजे.” मग तो बोनेटवर टकटक करून बघतो. या टकटकीतून काहीच कळत नाही. गाडीचं नाक चुरगळायलाच हवं, धक्का तिथं जिरतो. चुरगळू नये ती माणसं बसतात तो पिंजरा, आणि तो बोटांनी वाजवून कळत नाही. त्यासाठी गाडी ठोकूनच बघावी लागते. ते काम १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ करतं आणि गाडीला स्टार देतं. योजना नितीन गडकरींच्या खात्याची, म्हणजे नागपूरच्या खासदारांचीच. त्याआधी ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचण्यांवर भिस्त होती. २०१४ साली त्यांनी भारतातल्या खपाच्या छोट्या गाड्या ठोकून पाहिल्या तेव्हा शून्य स्टार मिळाले होते. २०१८च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉन पाच स्टारवाली पहिली भारतीय गाडी ठरली, आणि २०२४च्या नोव्हेंबरात मारुतीच्या डिझायरनंही पाच मिळवले. दहा वर्षांत हे झालं, हे मान्य करायला हवं.

पण हे स्टार कुणाच्या जिवाचे, ते फारसं कुणी सांगत नाही. समोरून धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात. मागे दोन लहान मुलांचे, एक दीड वर्षाचं आणि एक तीन वर्षांचं, तेही त्यांच्या खास बालआसनांत बांधलेले. मागच्या सीटवर मोठं माणूस नसतंच. मोठ्यांच्या सुरक्षेचे जे ३२ पैकी गुण छापून येतात, ते तिथं बसणाऱ्याबद्दल जवळजवळ काही सांगत नाहीत. आणि सक्करदऱ्यातल्या गाडीत मागे कोण बसतं? आजी. आई. कधी मोठ्या ताजबागेच्या दर्ग्याला निघालेले पाहुणे. पोरगं तर बालआसनात नाहीच, ते आजीच्या मांडीवर. ज्या पाच स्टारच्या भरवशावर आपण गाडी घेतो, त्यात आपलं अर्धं घर मोजलेलंच नसतं.

सप्टेंबर २०२२ आठवा. ४ तारखेला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. गाडी मर्सिडीज. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघं गेले, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ तारखेच्या रात्री, आपल्या सक्करदरा उड्डाणपुलावर भरधाव कारनं दुचाकींना उडवलं. एका दुचाकीवर एकाच घरातली चार माणसं होती: बाप, त्याची आई आणि दोन मुलं. ती कठड्यावरून खाली फेकली गेली. चौघंही गेले.

देशात गाजला तो पहिला अपघात. माझ्या लेखी गाडी निवडण्याच्या विषयात दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. कारण मोडीत निघालेल्या गाडीचे हाती दीड लाख आले की घरात एक आवाज हमखास उठतो: “सध्या एक चांगली स्कूटर घेऊ, कार बघू पुढच्या वर्षी.” हा सल्ला काटकसरीचा वाटतो. पण घर चौघांचं असेल तर तो कारच्या अपघातातून वाचलेल्या माणसांना आणखी उघड्यावर आणून बसवतो. स्कूटरवर कोंबलेलं कुटुंब पाहूनच रतन टाटांना नॅनो सुचली होती. जानेवारी २००८ मध्ये ती लोकांसमोर आली, आणि २०१४ साली ज्या गाड्या शून्यावर आल्या त्यांत तीही होती. कल्पना तरीही खरी होती. चौघांना चार चाकं आणि डोक्यावर छप्पर हवंच, फक्त त्या छपराखाली माणूस जागेवर बांधलेला राहायला हवा.

बांधून ठेवण्याची ही कला ज्यानं माणसाळवली त्याच्याबद्दल लिहायची संधी मी सोडणार नाही. निल्स बोलिन हा स्वीडनचा अभियंता. आधी साब कंपनीत लढाऊ विमानांसाठी वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीट बनवायचा. माणसाला जागेवरून उडवण्यात प्रवीण असलेल्या या गृहस्थाला व्होल्वोनं माणसाला जागेवर ठेवायच्या कामाला लावलं. तेव्हाचे गाडीतले पट्टे पोटावर बकल असलेले, धडकेत आतडी फाडणारे. बोलिननं एक पट्टा छातीवरून, एक ओटीपोटाखालून घेतला आणि दोन्ही सीटच्या बाजूला, खाली, एकाच ठिकाणी अडकवले. एका हातानं लागतो, एका हातानं निघतो. १९५९ साली तो व्होल्वोच्या गाड्यांत आला. कंपनीनं हा शोध इतर कारखानदारांनाही वापरायला मोकळा ठेवला. १९६७ साली बोलिननं २८ हजार अपघातांचा अहवाल मांडला. पट्टा न लावलेली माणसं अगदी संथ वेगाच्या धडकांतही मेली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ६० मैलांच्या, म्हणजे साधारण ९७ किलोमीटरच्या, खाली एकही नाही. २१ सप्टेंबर २००२ रोजी तो वारला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्याच्या नावाचा समावेश झाला तोही नेमका त्याच दिवशी.

आता आपल्याकडे या. २०२२ साली देशात पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसं गेली, असं रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातले ८,३३१ प्रवासी, म्हणजे जवळजवळ निम्मे स्टिअरिंगवर नव्हतेच. ताशी ५० किलोमीटरची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. मागचा माणूस बांधलेला नसला तर तो नुसता स्वतः मरत नाही, पुढच्या सीटवर आदळून पुढच्यालाही घेऊन जातो. आणि यावर आपण काढलेला तोडगा काय, तर पट्ट्याची शिट्टी वाजू नये म्हणून खाचेत खोचायची नकली क्लिप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ साली पाच ऑनलाइन दुकानांना अशा क्लिपा विकणं थांबवायला लावलं, तेव्हा १३ हजारांहून अधिक जाहिराती खाली उतरल्या. शिट्टी बंद करायला पैसे मोजणारा समाज पाच स्टार मागतो, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

गाडी बघायची ती म्हणून मागच्या दारातून. मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे का, की नुसता कमरेचा? बकल सीटच्या फटीत गडप होतात का? होत असतील तर कुणी ते शोधून लावणार नाही. मधल्या सीटला डोक्याचा आधार आहे का? बालआसन अडकवायची ‘आयसोफिक्स’ची कडी आहे का? सहा एअरबॅग आता छोट्या गाड्यांतही येऊ लागल्या आहेत. सक्तीचा मसुदा २०२२च्या जानेवारीत आला, पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये बारगळला. बाजारानंच ते काम केलं. त्या सहांतल्या पडद्यासारख्या दोन मागच्या माणसाच्या डोक्यासाठी असतात, तेवढ्यासाठी त्या घ्याव्यात. पण पट्ट्याशिवाय एअरबॅगला फारसा अर्थ नाही. आणि सीटची उंची. गुडघे दुखणाऱ्या बाईला फार खाली बसायला लागू नये, फार वर चढायलाही. उंच एसयूव्हीच्या नादात हे दुसरं विसरलं जातं.

इंधनाचं थोडक्यात. सीएनजीचा पुण्या-मुंबईचा हिशेब नागपूरला जसाच्या तसा लावू नका. इथं २०२२ साली सीएनजी किलोला १२० रुपयांवर, देशात सर्वांत महाग, गेला होता. शिवाय टाकी डिकी खाते. दवाखान्यात न्यायची व्हीलचेअर आणि गावाहून येणारं गव्हाचं पोतं मग आजीच्या पायाशी येतं. इलेक्ट्रिकवर रोड टॅक्स माफ आहे, जीएसटी ५ टक्के आहे, पण खाली स्वतःचं पार्किंग आणि प्लग असेल तरच ती घ्या.

चेक तुटपुंजा असेल तर स्कूटरऐवजी जुनी छोटी गाडी घ्या. फक्त २३ सप्टेंबर २०२३ विसरू नका. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि शहरातल्या कित्येक गाड्या पाण्यात बुडाल्या. धुऊन-पुसून बाजारात आलेली गाडी ओळखायची खूण पुन्हा पट्ट्यातच आहे. मागचा पट्टा शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत, ओढून बघा. टोकाकडे चिखलाची रेघ दिसली तर नमस्कार करून निघा. पट्ट्याच्या मुळाशी बनावटीची तारीख असलेलं लेबल असतं. गाडी २०१९ची आणि पट्टा २०२३चा, तर मधे काहीतरी घडलेलं आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर त्याची वायर कुणीतरी काढली आहे, असं समजा. विकणाऱ्याची पॉलिसीही मागा. चार वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य दिसला तर गेल्या वर्षी कशाचा क्लेम घेतला, ते विचारा.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आजी, आई, पोरं, सगळ्यांना घेऊन जा. गाडी सेल्समनला चालवू द्या, तुम्ही मागे मधल्या सीटवर बसा, तिन्ही पट्टे लावा आणि मेडिकल चौकापर्यंत एक चक्कर मारा. ज्या गाडीत तिघांचे पट्टे विनातक्रार लागत नाहीत, ती गाडी घेऊ नका, तिला स्टार कितीही असोत.