साताऱ्याचं ‘एलकेआरकेजेके’ कसं झालं?

पावसाळ्यात सांगलीच्या नदीकाठच्या घरांत सकाळचा पहिला प्रश्न ‘चहा झाला का?’ हा नसतो. ‘आयर्विनला किती?’ हा असतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा जुना पूल. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ते वर्ष सांगलीत कुणी विसरलेलं नाही.

हे पाणी येतं कुठून? बरंचसं सातारा जिल्ह्यातून. पाटण तालुक्यातलं कोयना धरण भरत आलं आणि दरवाजे उचलले, की कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भिडतं, अगदी समोरासमोर. मग दोघी मिळून सांगलीची वाट धरतात. पाण्याला पोचायला वेळ लागतो, बातमी मात्र क्षणात पोचते: ‘कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग.’ (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. दोन मोठ्या बादल्या धरा. आता त्याला हजारांनी गुणा आणि घाबरा.)

पण ही बातमी मोबाइलवर येते कशी? बहुतेक वेळा फोटो होऊन. कुठल्याशा तक्त्याचा फोटो, नाहीतर रंगीत चौकटीतली ठळक अक्षरं, तीसुद्धा फोटोच.

आता समजा, नदीकाठच्या एका गल्लीत एक दादा राहतो. त्याला डोळ्यांनी दिसत नाही. मोबाइल मात्र तो तुमच्या-माझ्यापेक्षा झपाट्यानं चालवतो. गटावर ‘टिंग’ वाजतं. दादा पडद्यावर बोट ठेवतो. फोन त्याच्या कानात सांगतो: ‘फोटो.’

बस्स. किती फूट? किती क्युसेक? कुणाच्या गल्लीत पाणी शिरणार? फोन गप्प.

थांबा, थांबा! मुळात फोन बोलतो कसा, ते आधी बघू.

जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनच्या पोटात एक वाचक बसलेला असतो. अँड्रॉइडवाल्यांकडे त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनवाल्यांकडे व्हॉइसओव्हर. अशा वाचकाला म्हणायचं स्क्रीन रीडर. तो जागा झाला की फोनचे नियमच बदलतात. एकदा टेकवलं की तो फक्त बोलतो, ‘कॅमेरा’, ‘संपर्क’, ‘बॅटरी चाळीस टक्के’. उघडायचं असेल तर पटपट दोनदा टेकवायचं. सरावलेली माणसं हा आवाज इतक्या भरधाव वेगानं ऐकतात, की आपल्याला ती कुठल्या तरी पाखराची किचकिच वाटते. त्यांना मात्र शब्दन् शब्द कळत असतो. कान तयार होतो, जसा तबलजीचा होतो.

घरच्या मोठ्यांना विचारून हा वाचक सुरू करून बघा, डोळे मिटून. फक्त तो बंद कसा करायचा, हे आधी शिकून घ्या. मी शिकलो नव्हतो. अर्धा तास माझाच फोन मला दरडावत होता.

डोळे मिटलेत ना? मग पाचेक मिनिटांत एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. हा वाचक पडदा ‘बघत’ नाही. पडद्यामागं कुणीतरी जे लिहून ठेवलंय, तेवढंच तो वाचतो. पाठवायच्या बटणावर छोटं कागदी विमान काढलेलं असतं. आपण विमान बघतो आणि समजतो. वाचकाला विमान-बिमान काही कळत नाही. ज्यानं ते अ‍ॅप बनवलं त्यानं बटणामागं ‘पाठवा’ असं लिहिलं असेल, तर वाचक ‘पाठवा’ म्हणेल. नसेल लिहिलं, तर म्हणेल, ‘बटण’. पुढच्याला ‘बटण’. त्याच्या पुढच्यालाही ‘बटण’.

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर उभे आहात आणि एकाही गाडीला पाटी नाही, अशी कल्पना करा. कुठली वाईची, कुठली कोरेगावची, कुठली थेट सांगलीची? चढा कुठल्याही गाडीत आणि बसा देवाचं नाव घेत. मुकी बटणं असलेलं अ‍ॅप वापरणं म्हणजे रोज असा प्रवास.

अशी मुकी बटणं हुडकून काढणं हाच काही माणसांचा रोजचा कामधंदा आहे. हो, पगार घेऊन! त्यांना अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टर म्हणतात. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतही असं काम चालतं. हे लोक ऑफिसात आले की माउस बाजूला सारतात. नुसत्या कीबोर्डवर, टॅबची कळ दाबत दाबत, सगळी वेबसाइट फिरता येते का ते बघतात. पडदा बंद करून नुसत्या कानांनी अर्ज भरून बघतात. पिवळ्यावर पांढरी अक्षरं लिहिली असतील, तर ‘ही कुणाच्या डोळ्यांना दिसणार?’ म्हणून परत पाठवतात. आवाज बंद करून व्हिडिओ बघतात, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याला खाली शब्द हवेत. यातले कितीतरी टेस्टर स्वतःच दृष्टिहीन आहेत, आणि ते बरंच आहे. खड्डा कुठं आहे हे त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असतं.

या कामाचं इंग्रजी नाव ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. ते इतकं लांबलचक आहे, की त्या लोकांनी पहिलं अक्षर ए आणि शेवटचं वाय ठेवलं आणि मधल्या ११ अक्षरांच्या जागी नुसता ११ चा आकडा टाकला. ‘ए-अकरा-वाय.’ सगळं सोपं करणाऱ्यांचं नावच अवघड, ही गंमत त्यांनाही कळली असावी.

संगणकासाठीचे स्क्रीन रीडर पूर्वी भयंकर महाग असत. एखाद्याची किंमत तर संगणकापेक्षाही जास्त. ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स टेह नावाचे दोन दृष्टिहीन मित्र होते. लहानपणी एका संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली होती. २००६ मध्ये मायकेलनं ठरवलं, आपणच एक वाचक लिहू आणि फुकट देऊन टाकू. जेम्स त्याला येऊन मिळाला. त्या वाचकाचं नाव एनव्हीडीए. आज तो जगभर चालतो, आणि त्याच्या आवाजांच्या पेटीत मराठीही आहे.

मराठी वाचायला या यंत्राला घाम फुटतो बरं का. ‘चिमणी’ म्हणा. आता ‘चमचा’ म्हणा. जीभ कुठं लागली? चिमणीला टाळूला आणि चमच्याला दातांमागं. अक्षर एकच, ‘च’, पण आवाज दोन! कुठल्या शब्दात कुठला, हे लिपीत लिहिलेलंच नसतं. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळतं. यंत्राला एकेक नियम शिकवावा लागतो, म्हणून अधूनमधून ते एखाद्या नव्या पाहुण्यासारखं मराठी बोलतं.

ते चालतं. कळतं तरी. पण कधी कधी यंत्र जे बोलतं ते कुणाच्या बापालाही कळत नाही, आणि तिथंच आपल्या साताऱ्याचं ‘एलकेआरकेजेके’ होतं.

झालं काय, की संगणकात देवनागरी नीट बसायच्या आधी लोकांनी एक शक्कल लढवली. कृतीदेव वगैरे जे जुने फॉन्ट आहेत ना, ते बहुरूपी आहेत. आतून इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा वेष. कळ दाबायची इंग्रजी ‘एल’ची, संगणकही मनात ‘एल’च ठेवतो, पडद्यावर मात्र चित्र उमटतं ‘स’चं. ‘के’ला काना चिकटवलाय, ‘आर’ला त आणि ‘जे’ला र. मग ‘सातारा’ लिहायला काय काय दाबायचं? एल, के, आर, के, जे, के. डोळ्यांना दिसतं झकास ‘सातारा’. पण स्क्रीन रीडरला वेष दिसतच नाही. तो थेट आत बघतो आणि इमानेइतबारे वाचतो, ‘एलकेआरकेजेके’. सांगलीचं तर विचारूच नका: एल, के, ए, एक्स, वाय, एच.

विचार करा, शाळेची सूचना, निवडणुकीची यादी, गोष्टीचं आख्खं पुस्तक अशा वेषात असेल, तर ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडेल? आणि वाचक बिचारा खोटं बोलत नसतो. खोटं बोलतोय तो फॉन्ट.

यावरचा उतारा म्हणजे युनिकोड. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला आपापला क्रमांक द्यायचा, वर्गातल्या हजेरीसारखा. देवनागरीला तो १९९१ मध्ये, युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत मिळाला. ‘स’चा क्रमांक २३६०, ‘त’चा २३४०, ‘र’चा २३५२ आणि कान्याचा २३६६. मग सातारा म्हणजे २३६०, २३६६, २३४०, २३६६, २३५२, २३६६. इथं वेष नाही, सोंग नाही. २३६० म्हणजे ‘स’च, मग तो साताऱ्यात लिहा नाहीतर सिडनीत. आपल्या मोबाइलवर आपण टाइप करतो ते मराठी युनिकोडच असतं. पण जुन्या फॉन्टांच्या फायली अजून ढिगांनी पडल्यात, आणि त्या बदलत बसणं हेही ए-अकरा-वायवाल्यांच्या वाट्याला आलेलं काम आहे. कंटाळवाणं आहे. माझ्या मते या सगळ्यांत मोलाचं तेच आहे.

बोलणाऱ्या फोनच्या आधीही न बघता वाचता येत होतंच की! बैलांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे, ते आजोबांना विचारा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता नाही आणि इकडं सौदा पक्का. बोटांना वाचता येतं, हे आपल्याकडं काही नवीन नाही. फ्रान्समधल्या लुई ब्रेल या मुलाला तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातलं अवजार डोळ्यात लागलं आणि पुढं त्याची दृष्टी गेली. तिथं घोड्यांचं खोगीर, पट्टे शिवत. हा मुलगा पंधरा वर्षांचा होईतो, म्हणजे १८२४ पर्यंत, त्यानं सहा उंचवट्यांची लिपी तयार केली होती. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. एवढ्यावर सगळा कारभार!

भारतीय भाषांसाठी तिचं भारती ब्रेल हे रूप १९५१ मध्ये ठरलं. साबुदाणे घ्या आणि जाड कागदावर डिंकानं चिकटवा. स म्हणजे २-३-४. काना ३-४-५. त म्हणजे २-३-४-५. र म्हणजे १-२-३-५. झाला सातारा तयार. लंडनची मुलं ‘एस’ लिहितात तेही २-३-४ नंच! आणि एक गंमत बघा. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी क च्या आधी काढतो, पण म्हणताना आधी क येतो, मग इ. ब्रेलमध्ये म्हणतो तसंच लिहितात, क आधी आणि इ नंतर. युनिकोडच्या पोटातही वेलांटी नंतरच ठेवतात. चाळीस वर्षांच्या अंतरानं दोघांनाही तेच सुचलं.

मराठीत ‘स्पर्शज्ञान’ नावाचं ब्रेल पाक्षिकही आहे, स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू केलेलं. म्हणजे मराठी बातम्या बोटांनीही वाचता येतात.

आता एक अजब किस्सा, हा खराखुरा. बँकेचं खातं घरबसल्या उघडायचं तर फोनसमोर चेहरा धरावा लागतो. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे कळायला अ‍ॅप म्हणतं, ‘डोळे मिचकावा.’ ज्याला दिसतच नाही, किंवा ज्याच्या पापण्या मिटत नाहीत, त्यानं काय करायचं? माणूस जिवंत, धडधाकट समोर बसलाय आणि अ‍ॅप म्हणतंय, तू नाहीसच! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दाद मागणाऱ्यांत एक दृष्टिहीन वकीलही होते. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं निकाल दिला, की या डिजिटल सोयी सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस जिवंत आहे हे ओळखायला डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्गही ठेवा.

आणि आपला नदीकाठचा दादा? त्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत न्यायची गरजच नाही. काही अ‍ॅप आता फोटोतली अक्षरंही ओळखतात, हे खरं. पण फोटो हललेला असला, आकडे पुसट असले की चुकतात, आणि पुराच्या आकड्यात एका फुटाची चूक म्हणजे घर सोडायचं की नाही इथपर्यंतची चूक.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात घरच्या गटावर असा फोटो आला, तर तो तसाच पुढं ढकलू देऊ नका. आईचा नाहीतर बाबांचा फोन मागून घ्या आणि फोटोखाली एक ओळ टाइप करा: ‘आयर्विन पूल, सकाळी ७ वाजता ३८ फूट. इशारा ४० ला.’ तारीखही टाका. कालचं पाणी आज कळून उपयोग नसतो.