कोड चालला, पण कळला का?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या बीसीएच्या मुलांना प्रोग्रॅमिंग कितपत समजतं, हा तुमच्या संशोधनाचा विषय आहे. प्रॅक्टिकलचे गुण घेतले, तक्ता केला, झालं काम? नाही. पाठ केलेला प्रोग्रॅमसुद्धा चालतो. मग तुम्ही मोजलं काय, समज की पाठांतर?

२००१ साली मायकेल मॅकक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला दिले. सरासरी गुण पडले ११० पैकी सुमारे २३. पण मुलं नेमकी कुठे अडली, हे गुणांवरून कळेना. म्हणून २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांत तयार कोड वाचायला दिला. अनेकांना तोही नीट वाचता आला नाही.

म्हणून एकाच कोडवर तीन प्रकारचे प्रश्न विचारा. हळदीच्या तीन पोत्यांची वजनं घ्या: ४८, ५२, ५० किलो. कोडमध्ये सुरुवातीला 'मोठे = ०' आहे. लूपमध्ये वजन 'मोठे'पेक्षा जास्त असेल, तर ते 'मोठे'मध्ये ठेवायचं.

१. माग काढा: प्रत्येक फेरीनंतर 'मोठे' किती? उत्तर ४८, ५२, ५२. कुणी शेवटी ५० लिहिलं, तर त्याने अट सोडून दिली असावी. चुकीचं उत्तरही माहिती देतं.

२. एका वाक्यात सांगा: 'लूप फिरतं, अट तपासतं' म्हणणाऱ्याने ओळी वाचल्या. 'सगळ्यात जड पोतं शोधतो' म्हणणाऱ्याला हेतू कळला.

३. बदल करा: आता सगळ्यात हलकं पोतं शोधा. फक्त चिन्ह उलटं केलं तर उत्तर शून्यच राहतं. सुरुवातीची किंमतही बदलावी लागते, हे ज्याला सुचलं त्याला कोड खरंच समजला.

सॉफ्टवेअर डिझाइनलाही हेच लागू पडतं. आकृती सुबक काढली म्हणजे डिझाइन कळलं असं नाही. आयआयटी मुंबईत प्रजिश प्रसाद आणि श्रीधर अय्यर यांनी 'व्हेरिसिम' तयार केलं. त्यात विद्यार्थी एखादा प्रसंग घेऊन डिझाइनमध्ये पायरीपायरीने काय बदलतं, याचा माग काढतात.

आणखी एक. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मराठीत द्यायची मुभा ठेवा. नाहीतर इंग्रजीत अडलेलं पोरगं तुमच्या तक्त्यात प्रोग्रॅमिंगमध्ये कच्चं ठरेल, आणि तुमचा निष्कर्षही चुकेल.