पहाडगंजला उतरलात तर…

गोव्याच्या मांडवी नदीतल्यासारखे तरंगते कॅसिनो दिल्लीत शोधू नका. इथे १९५५चा जुगारविरोधी कायदा लागू आहे. सुट्टीची मौज पहाडगंजच्या गल्ल्यांत आहे. नवी दिल्ली स्थानकाच्या एक नंबर फलाटाकडून बाहेर पडलात की समोरच मेन बझार: अत्तरं, चामडी पिशव्या, चांदीचे दागिने. घासाघीस केल्याशिवाय काही घेऊ नका. चुना मंडीत सीताराम दिवानचंदकडे छोले-भटुरे खायला सकाळीच जावं. भटुऱ्याच्या पोटात मसालेदार पनीर, जोडीला आवळ्याचं लोणचं; दिल्लीतली ही न्याहारी चुकवूच नये. मराठी माणसाने इथलं बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळाही आवर्जून पाहावी. सवाई जयसिंहांचं जंतरमंतर रिक्षाने जवळच. मे-जूनमध्ये मात्र दुपारी बाहेर पडू नका.