महाबळेश्वरच्या कड्यांतील दोन तांबडे थर

पुण्याहून अभ्याससहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यास महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून सावित्रीच्या दरीत पाहताना काळ्या कड्यांत आडवे तांबडे पट्टे दिसतात. हे पट्टे व पठाराच्या माथ्यावरील तांबडा जांभा यांची उत्पत्ती एकच मानणे योग्य नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचत असता, दोन प्रवाहांमधील विरामकाळात खालच्या पृष्ठभागाचे विदारण होऊन माती बनली आणि ती पुढील प्रवाहाखाली गाडली गेली. तोच हा पट्टा. जांभा मात्र उद्रेक कायमचे थांबल्यानंतरचा होय. उष्ण व आर्द्र हवामानात माथ्यावरील बेसाल्टातील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. पट्टा उद्रेकांमधील विराम सांगतो, जांभा त्यांचा शेवट. हा भेद न पाळल्यास कड्याचा कालक्रमच चुकतो.